सात वर्षांची लाली

एलिदा बेंतांकोर आमच्या प्रयोगशाळेचा मागचा जिना उतरून आली, तो ऑगस्टमधला मंगळवार होता. आमच्या दक्षिण गोलार्धात तेव्हा ऐन हिवाळा, बाहेर कडाक्याची थंडी होती. तिच्या हातात पुडकं होतं, तिच्या दुकानातल्या जाड पिवळट कागदात बांधलेलं, वर सुतळी आणि सुतळीला तिची नेहमीची दुहेरी गाठ. गेल्या शनिवारी माझा घसा बसला होता म्हणून मी तिच्याकडे गेलो नव्हतो. तेव्हा बाई स्वतःच चीज पोचवायला आली, असे मांडे मी जिन्यावर तिची पावलं दिसली तेवढ्या वेळात मनातल्या मनात खाऊनसुद्धा घेतले.

"दोन्या एलिदा, एवढ्याशा चीजसाठी कशाला आलात थंडीत?" मी नेहमीच्या अदबीने तिला दोन्या म्हणत विचारलं.

"चीज नाही डॉक्टर," ती म्हणाली. "मीच आहे त्यात."

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे डॉक्टर खरा, पण रुग्ण ज्याच्याकडे येत नाहीत असा. पायसांदूच्या इस्पितळाच्या तळघरात मी एकतीस वर्षं बसलो आहे, आणि माझ्याकडे येतात ते माणसांचे तुकडे. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेले, कधी नखाएवढे, कधी शेवयीएवढे. आमच्याकडे दुसरं मत घ्यायचं असलं की रुग्णच आपले ठोकळे उचलतो आणि गावोगाव हिंडतो. कोणी बुटाच्या खोक्यातून आणतो, कोणी पावाच्या पिशवीतून. एकाने तर फुटबॉलच्या मोज्यातून आणले होते. त्यामुळे पुडक्याचं मला नवल नव्हतं. ते तिच्या हातात होतं म्हणून मी गाठ सोडत न बसता सुतळी कात्रीने कापली.

आत मेणाचे दोन ठोकळे, चार स्लाइड आणि घडी घातलेला रिपोर्ट होता. लिव्हरमध्ये सात-आठ गाठी सापडल्या होत्या. सुई घालून तुकडा काढला होता, आणि दुसऱ्या गावच्या कुठल्याशा खाजगी प्रयोगशाळेने लिहिलं होतं: ग्रंथींचा कॅन्सर, आक्रमक, लिव्हरमध्ये पसरलेला, मूळ जागा अज्ञात, बहुधा स्वादुपिंड.

"सहा महिने म्हणाले," एलिदा म्हणाली. "नाताळ मिळेल, कार्निवलचं सांगता येत नाही. औषध देऊन हाल करण्यात अर्थ नाही म्हणाले." मग तिने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "तुम्ही एकदा बघा. तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे."

हे बोलताना तिचा चेहरा लाल झाला. गळ्यापासून सुरुवात झाली आणि बघता बघता लाली कपाळापर्यंत चढली. अशा वेळीही मला काय सुचावं? मला वाटलं, माझ्यामुळे.

हे कसं, ते सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

माझी बायको वीस वर्षांपूर्वी बहिणीला भेटायला म्हणून ब्राझीलला गेली आणि तिथलीच झाली. मला त्याचं फार दुःख झालं नाही, आणि तिला तर मुळीच झालं नसावं. त्यानंतर मी एकटाच. नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी सायकलची साखळी पडली ती नेमकी एलिदाच्या दुकानासमोर. तिने हात पुसायला फडकं दिलं, मग तुंबा भरला आणि माते दिली, म्हणजे पोकळ भोपळ्यातून नळीने ओढायचा आमच्याकडचा कडू पाल्याचा काढा. नवरा जाऊन तिला तेव्हा तीन वर्षं झाली होती. दुसऱ्या शनिवारी साखळी पडली नव्हती, तरी मी थांबलो.

तेव्हापासून दर शनिवारी अकरा वाजता मी तिथे. गल्ल्याच्या मागे दोन वेताच्या खुर्च्या असत. ती तुंब्यात पाला भरायची, थर्मासमधून गरम पाणी ओतायची, एक तुंबा स्वतः ओढायची, एक मला द्यायची. नळी एकच. अधूनमधून जुन्या चीजचे तुकडे सुरीच्या टोकावर पुढे करायची. साडेबारा वाजले की मी तुंबा परत देताना "आभारी आहे" म्हणायचो आणि उठायचो. आमच्याकडे मातेचे आभार मानायचे ते पुरे झाल्यावरच. एकदा का ते म्हटलंत की तुमच्यासाठी पुढचा तुंबा भरला जात नाही. मग किलोभर चीज घेऊन मी घरी. मला चीज आवडत नाही. वासानेच ढवळतं. नऊ वर्षं ते चीज प्रयोगशाळेतल्या झुल्माने खाल्लं.

पहिली दोन वर्षं असंच चाललं. आम्ही गाईंबद्दल बोलायचो, नदीच्या पुराबद्दल, राजधानी मोंतेविदेओत राहणाऱ्या तिच्या बहिणीबद्दल, निबियाबद्दल. आणि मग एका शनिवारी माझ्या हातून तुंबा परत घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि ती लाल झाली. अशी झाली की मलाच दुसरीकडे बघावं लागलं. पुढच्या शनिवारी पुन्हा. मग दर शनिवारी. मी सायकलवरून घरी शीळ घालत गेलो. वय वर्षं छप्पन्न, आणि शीळ!

सात वर्षं मी त्या लालीवर काढली. बोललो काही नाही. बोलायचं कशाला, असं वाटायचं. उत्तर समोर दिसत होतं, प्रश्न काय, केव्हाही विचारता आला असता. घरी कोणी वाट बघणारं नव्हतं, पण शनिवार होता. माणूस एवढ्यावर किती खूश राहू शकतो, हे मला बघा आणि समजा.

तर त्या मंगळवारी एलिदा गेल्यावर मी पुडकं घेऊन झुल्माकडे गेलो. झुल्मा माझी तंत्रज्ञ. मेणाच्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढते, त्यांना रंग देते, आणि तोंडाची सुरी तिच्या यंत्रातल्या सुरीपेक्षा धारदार ठेवते.

तिने कागद ओळखला. "अरे वा, आज मंगळवारीच का? घसा बरा झाला वाटतं?"

"झुल्मा, यातून काप काढायचेत. आत्ता."

तिने नाव वाचलं आणि पुढचा टोमणा गिळला. तीस वर्षांत असं दोनदाच झालं असेल.

जुनी स्लाइड मी मायक्रोस्कोपखाली ठेवली. तुकडा बारीक होता, एका टोकाला चिरडलेला. आधीच्या माणसाने ते चिरडलेलं टोकच बघितलं असावं. तिथे सगळ्याच पेशी भयंकर दिसतात. मी दुसऱ्या टोकाला गेलो. पेशी एकसारख्या होत्या. शांत. लहान लहान घरट्यांत शेजाऱ्यासारख्या बसलेल्या. त्यांच्या केंद्रकात तो ठिपक्याठिपक्यांचा पोत होता, ज्याला आमच्या धंद्यात जगभर मीठ-मिरपूडच म्हणतात. आक्रमक कॅन्सर असा बसत नाही. तो भांडतो, ढकलतो, एकमेकांवर चढतो.

"झुल्मा!" मी ओरडलो. "रंग लाव. क्रोमोग्रॅनिनचा, सिनॅप्टोफायसिनचा, सगळे लाव!"

"ओरडू नका, माझा हात हलेल," ती आतून म्हणाली. "आणि हलला तर तुमच्या बाईचे तुकडे होतील."

आपल्या आतड्यात काही पेशी एकेकट्या विखुरलेल्या असतात. त्यांचं काम रक्तात रस सोडून शरीराला निरोप पोचवण्याचं. त्यांचीच गाठ झाली तर तिला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. ती कॅन्सरच, पण बहुतेक वेळा आळशी. माणूस तिच्याबरोबर पाच, दहा, कधी पंधरा वर्षं राहतो. मात्र तिला ओळखावं लागतं, कारण तिची औषधं वेगळी. चुकीचं नाव पडलं तर रुग्ण सहा महिन्यांच्या हिशेबाने जगतो, म्हणजे जगतच नाही.

गुरुवारी रंग आले. दोन्ही स्लाइड तपकिरी झाल्या होत्या, अगदी करपलेल्या साखरेसारख्या; म्हणजे गाठ या आळशी जातीचीच. मी खुर्चीत मागे टेकलो आणि चक्क रडलो. झुल्माने पाठ फिरवली आणि स्वच्छ बाटल्या पुन्हा धुवायला घेतल्या.

आता दोन प्रश्न उरले. एक, गाठ मूळची कुठली? पेशीला तिचं गाव विचारता येतं, त्यालाही रंग असतात. फुप्फुसाचा रंग लागला नाही, स्वादुपिंडाचा लागला नाही, आतड्याचा लागला. लहान आतड्याचा शेवटचा भाग. दुसरा प्रश्न, गाठ किती वेगाने वाढते? त्यासाठी वाढत्या पेशी वेगळ्या रंगवतात आणि मोजतात. शंभरात तीनहून कमी असतील तर पहिला वर्ग, विसापर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. वर्गावर सगळं अवलंबून.

आणि इथे माझे हात बांधलेले होते. माझ्या गुरूंनी या तळघरात एक नियम घालून दिला होता: ओळखीचं माणूस स्लाइडवर आलं की मोजायला दुसऱ्याने बसायचं. डोळा लबाड असतो, असं ते म्हणायचे. हवं ते दिसतं, नको ते सुटतं. मी तो नियम एकदाही मोडला नव्हता.

झुल्माने सगळ्यात दाट रंगलेल्या जागेचा फोटो मोठा करून कागदावर छापला, पेन्सिल घेतली आणि खिडकीपाशी बसली. एकेका पेशीवर खूण करत जायचं, वाढती ती काळी, स्वस्थ ती निळी. हजार पेशी. मी तिच्या मागे उभा राहिलो.

"त्या लहान गोल पेशी धरू नकोस, त्या रक्तातल्या असतात," मी म्हणालो.

"मला शिकवताय?"

"नाही, आठवण केली."

"मानेवर श्वास सोडू नका. बाहेर जा. आणि येताना बिस्किटं आणा, गोड आणा. नऊ वर्षं मला खारटच खायला घालताय."

मी चौकाला तीन फेऱ्या मारल्या. बिस्किटं घेतली आणि बाकावर विसरलो, परत जाऊन घेतली. आलो तेव्हा झुल्माने पेन्सिल ठेवली होती.

"हजारात अठरा," ती म्हणाली. "दोनदा मोजल्या. दुसऱ्यांदा सतरा आल्या, पण मी अठराच धरते."

पहिला वर्ग. झुल्माने बिस्किटांची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, कारण मी ती पिळत होतो.

रिपोर्ट लिहून झाला. आता तिला ते महिन्याचं इंजेक्शन मिळायला हवं होतं. गाठ जो रस सोडते त्याला ते बांध घालतं. त्यासाठी मोंतेविदेओच्या समितीला चार पानांचा फॉर्म पाठवावा लागतो. तिसरं पान लक्षणांचं. ते खरं तर रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरने भरायचं, पण तिला तपासणाऱ्याने तर आशाच सोडली होती. म्हटलं, मीच भरतो, एक आठवडा वाचेल. मी तिला फोन लावला.

"दोन्या एलिदा, बातमी चांगली आहे, संध्याकाळी येऊन सविस्तर सांगतो. आत्ता फक्त काही विचारायचंय. जुलाब होतात का?"

"डॉक्टर, ही काय विचारायची गोष्ट आहे?"

"फॉर्ममध्ये आहे."

"होतात. दिवसाला चार-पाचदा. दुकानात सारखं दूध-दही, मला वाटलं त्यानेच."

"किती वर्षं?"

"सहा, सात."

मी लिहिलं आणि फोन ठेवला. पुढचा प्रश्न तिला विचारायची गरज नव्हती. तो असा होता: चेहरा व मान अचानक लाल होते का? केव्हापासून?

माझा हात "हो"वर खूण करून मोकळा झाला होता. "सात वर्षं" असंही लिहून झालं होतं. हात लिहीत होता आणि डोकं मागे राहिलं होतं. मग डोकं पोचलं.

हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो! दर वर्षी फळ्यावर लिहितो. लहान आतड्याची गाठ लिव्हरमध्ये पोचली की तिचा रस न गाळता थेट रक्तात उतरतो आणि माणूस लालेलाल होतो. गरम पेयाने होतो, दारूने होतो, जुन्या चीजने होतो. गरम पेय आणि जुनं चीज. वेताची खुर्ची, तुंबा, सुरीच्या टोकावरचा तुकडा. तिची बोटं माझ्या बोटांना लागायची ती तुंबा ओढून झाल्यावर, आणि मी शीळ घालत घरी जायचो.

खाली चार चौकोन होते. कशामुळे लाल होते? गरम पेय. मी खूण केली. जुनं चीज. खूण केली. दारू. माहीत नव्हतं, ती कधी घ्यायची नाही. चौथ्या चौकोनापुढे लिहिलं होतं: भावना.

पेन तिथे कितीतरी वेळ टेकून राहिलं, शाईचा एक ठिपका पडला. कोणाच्या आयुष्यात या चौकोनाला काही किंमत नसेल. माझ्याकडे एवढाच होता. ही गाठ खरी म्हणून सही केली तर एलिदाला वर्षं मिळणार होती आणि माझी सात वर्षं जाणार होती. सही करताना मला क्षणभरही अडखळायला झालं नाही, हे एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पण चौथा चौकोन मी रिकामा सोडला.

संध्याकाळी दुकानात तिला सगळं सांगितलं. लालीचं सोडून. ते तिचा नवा डॉक्टर सांगणार होताच.

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"आहे. पण आळशी आहे. माझ्यासारखा."

ती हसली, मग रडली, मग तिने मला मिठी मारली. नऊ वर्षांतली पहिली. तिच्या अंगाला दह्याचा वास येत होता. ती लाल झाली होती. मी तिच्या खांद्यावरून चीजच्या चाकांकडे बघत राहिलो, चेहऱ्याकडे बघितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पहिलं इंजेक्शन झालं. ऑक्टोबरात दुसरं, नोव्हेंबरात तिसरं. मी शनिवारी जात होतो. तुंबा चालू होता, चीज डॉक्टरांनी बंद केलं होतं. तिचं पोट थाऱ्यावर आलं, वजन दोन किलो वाढलं. आणि चेहरा उतरत गेला, म्हणजे लाली उतरत गेली. नोव्हेंबरअखेर ती इतकी गोरी, इतकी निवांत दिसायला लागली, की मी समोर बसून कोणा नव्या बाईशी बोलतोय असं वाटायचं. तिची बोटं लागायची. काही व्हायचं नाही. मला जे हवं होतं ते औषधाने पुसून टाकलं, आणि ते औषध मीच मागवलं होतं. घरी जाताना सायकल हातात धरून चालत जायचो. मला तिची लाली आठवायची, आणि ती परत यावी असं वाटायचं, आणि तसं वाटलं की स्वतःचीच किळस यायची. ती परत येणं म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं ना.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी गल्ल्यामागे खोकी बांधलेली दिसली.

"सोमवारी जातेय," ती म्हणाली. "मोंतेविदेओला, निबियाकडे. ते आतडं आणि लिव्हरचा थोडा भाग काढणार आहेत. मग तपासण्या, दर तीन महिन्यांनी. इथून पाच तासांची बस किती वेळा करणार? दुकान पुतण्या बघेल."

मी मान हलवली. तिने तुंबा भरला, स्वतः ओढला, मग मला दिला.

"डॉक्टर, नव्या डॉक्टरनी मला लाल होण्याचं सांगितलं."

"हं."

"तुम्ही माझ्याकडे टक लावून बघायचात."

"तुम्हाला कळत होतं?"

"मी आंधळी आहे का? अख्ख्या गल्लीला कळत होतं. समोरचा न्हावी खुर्ची फिरवून बसायचा शनिवारी." ती हसली नाही. "पहिल्यांदा लाल व्हायला लागले तेव्हा मी घाबरले होते. निबिया फोनवर सारखी म्हणायची, अगं डॉक्टरला दाखव. मी तिला सांगायचे, दर शनिवारी दाखवते की. समोर बसून बघतात, दीड दीड तास. काही वावगं असतं तर बोलले असते."

तुंबा माझ्या हातात तसाच राहिला.

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून मी निर्धास्त होते," एलिदा म्हणाली. "सात वर्षं."

तिने थर्मास खाली ठेवला आणि थांबून राहिली. तिला उत्तर हवं होतं, आणि ते तिचं घेणं होतं.

"मला वाटलं, तुम्ही लाजता," मी म्हणालो.

"कोणाला?"

"मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी चीज घ्यायला आलं, काचेतून डोकावलं आणि आमचे चेहरे बघून परत गेलं.

"एक्कावन्न वर्षांची होते तेव्हा. एवढी बाई, लाजून गळ्यापर्यंत लाल होईल?"

"वाटलं खरं."

"मग बोलला का नाहीत?"

"उत्तर मिळालंय असं वाटत होतं."

"देवा," ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "मी वाट बघत होते, ग्वालबेर्तो."

तिने माझं नाव तेव्हा पहिल्यांदा घेतलं. मी तिला त्या फॉर्मबद्दल सांगितलं, चार चौकोनांबद्दल सांगितलं. दोनवर खूण केली, एक माहीत नव्हता, एक रिकामा सोडला. तो विचारायचा मला हक्क नाही, हेही म्हणालो.

एलिदाने ओढणीसारखा गळ्यातला रुमाल काढला आणि मांडीवर त्याची घडी केली. "शनिवारी मी सकाळपासून काही खात नव्हते," ती म्हणाली. "तुमच्याबरोबरच खायचं म्हणून. पाणीसुद्धा उकळायला ठेवलेलं नसायचं. अकराला कोपऱ्यावर तुमच्या सायकलचा ब्रेक किंचाळायचा, आणि मी आत जाऊन तोंडावर गार पाणी मारायचे. तुम्हाला दिसू नये म्हणून. तरी उतरायचं नाही." तिने घडी मोडली आणि परत घातली. "आता ते कशाने होतं ते तुम्ही सांगा. तुम्ही डॉक्टर."

सांगण्यासारखं मला ठाऊक होतं. त्या गाठीला चीज लागत नाही. मन हललं तरी ती रस सोडते. हे पुस्तकात आहे, फळ्यावरही मीच लिहितो.

"एलिदा," मी म्हणालो. पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं. मी तिच्यावर प्रेम करतो, नऊ वर्षं करतोय, चीज मला अजिबात आवडत नाही, मी मोंतेविदेओला येतो, निवृत्तीला दोन वर्षं आहेत ती सोडून देतो.

"आता म्हणताय," ती म्हणाली. "आता तर मला लाल पण होता येत नाही."

"नसू दे."

"नाही, ऐका. तुमच्यावर रागवायला हवं, पण मला वाचवलंत तुम्हीच. मग कोणावर रागवू? ते माझं मला ठरवू द्या." तिने माझ्या हातावर हात ठेवला. तो गार होता. "तुम्ही आलात तर रोज माझ्याकडे बघाल. आणि मला कळणार नाही, डॉक्टर बघतोय, काही शोधतोय, की ग्वालबेर्तो बघतोय. तुम्हाला तरी कळेल का?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही."

"मग सध्या येऊ नका. मला कळायला लागलं की मी बोलावीन."

त्यानंतर आम्ही माते घेत राहिलो. साडेबारा वाजून गेले, एक वाजला. पाला फिका पडला, नुसतं कोमट पाणी येत होतं, तरी ती ओतत होती आणि मी ओढत होतो. थर्मास उपडा केला तेव्हा शेवटचा अर्धा तुंबा निघाला. तो तिने मला दिला. मी संपवला आणि काही न बोलता परत दिला. तिने तुंबा हातात घेऊन क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं. मी सायकल घेतली.

त्याला आता दोन वर्षं होत आली. ऑपरेशन नीट झालं. कार्निवल तिने बघितला, एक नाही, दोन. पुतण्या सांगतो की ती बरी आहे, रोज समुद्राकाठी चालायला जाते. मी निवृत्त झालो आहे, पण झुल्मा अडली की हाक मारते आणि मी तळघरात उतरतो. एलिदाचे ठोकळे नियमाप्रमाणे तिला परत गेले. झुल्माने पेन्सिलीने खुणा केलेला तो कागद तेवढा माझ्या खणात आहे, हजार पेशी, त्यातल्या अठरा काळ्या. शनिवारी अकराला मी कोपऱ्यावर ब्रेक दाबतो. तो अजून किंचाळतो. तेल घालायचं मी मुद्दामच टाळलं आहे.

"बोलावणं आलं का?" झुल्मा दर सोमवारी विचारते.

"नाही अजून."

"मग कशाच्या भरवशावर बसलाय?"

तिला मी सांगत नाही. शेवटचा तुंबा परत देताना मी आभार मानले नव्हते. आणि आमच्याकडे जोवर माणूस आभार मानत नाही, तोवर पुढचा तुंबा त्याच्यासाठी भरायचा असतो.